तोफ कोणावर रोखली होती?

गेल्या वर्षीच्या आधीच्या डिसेंबरात सांगलीहून बहीण आली होती. तिच्या दहा वर्षांच्या मुलाला गोव्यात बाकी काही नको होतं, किल्ला बघायचा होता. तिकडची पोरं दिवाळीत अंगणात दगडमातीचा किल्ला करतात, उतारावर अळीव पेरतात आणि वर महाराजांना सिंहासनावर बसवतात. आमच्या पणजीतली पोरं दिवाळीच्या आदल्या रात्री जागून नरकासुराचा पुतळा बांधतात आणि पहाटे जाळतात. त्यामुळे ‘किल्ला’ म्हटल्यावर भाच्याच्या डोळ्यांपुढे जे उभं राहतं ते माझ्या शेजारच्या पोरांपुढे उभं राहत नाही. हे मला त्या दिवशी कळलं.

फेरीबोटीने बेतीला उतरलो आणि वेऱ्यावरून रेइश मागूशच्या किल्ल्याकडे गेलो. खालच्या चर्चच्या पायऱ्यांवर दोन मिनिटं टेकलो आणि मग वर. भाचा तटावर धावत सुटला. एका तोफेपाशी थांबला, उन्हाने तापलेल्या लोखंडावर तळहात ठेवला, चटका बसला तरी काढला नाही. मग तोफेच्या मागे उकिडवा बसून, एक डोळा मिटून नळीच्या रेषेत बघू लागला. समोर मांडवी नदी, पलीकडे पणजीची इमारतींची रांग.

“मामा, ही कोणावर रोखलीय?”

“डचांवर,” मी म्हटलं.

“ते कोण?”

सांगितलं. त्याचं समाधान झालं नाही हे दिसत होतं. म्हणून जरा थांबून उरलेलं खरंही सांगितलं, “आणि मराठ्यांवर.”

त्याने हात काढून घेतला. “मग हा आपला किल्ला नाही?”

गोव्यात हा प्रश्न मोठी माणसं गेली साठ वर्षं घालताहेत आणि दहा वर्षांच्या पोरापेक्षा फार पुढे गेली आहेत असं नाही. जून २०२३ मध्ये शिवराज्याभिषेकाच्या कार्यक्रमात, बेतूलच्या किल्ल्यावर, खुद्द मुख्यमंत्र्यांनी पोर्तुगीजांच्या खुणा पुसून टाकण्याची भाषा केली. दुसऱ्या बाजूला पर्यटनाचा धंदा आहे. त्याला त्याच खुणा हव्या आहेत, पण धुऊनपुसून, सुगंध लावून. पोर्तुगीज वळणाचं जेवण, पोर्तुगीज वळणाची घरं, पोर्तुगीज किल्ल्यावरून सूर्यास्त. एकाला किल्ला नको आहे, दुसऱ्याला किल्ल्यावरचं ऊन हवं आहे. तोफ कोणावर रोखली होती हे दोघांनाही सांगायचं नाही.

माझं म्हणणं असं आहे की हे किल्ले आपले की त्यांचे, हा वाद घालण्याआधी ते कशासाठी होते ते नीट वाचायला हवं. आणि ते वाचायची सोय किल्ल्यावरच, आपल्या भाषेत, हवी.

आता वाचायचं म्हणजे काय? मांडवीचं मुख डोळ्यांपुढे आणा. उत्तरेला आग्वादचा किल्ला, दक्षिणेला काबोचं टोक, जिथे आज राज्यपालांच्या निवासस्थानाचा परिसर आहे. त्यातून आत शिरलेलं जहाज पुढे आलं की पात्र आवळतं. तिथे एका काठावर रेइश मागूश आणि समोर, आजच्या मिरामारजवळ, गास्पार दियशचा कोट. तो १८३५ च्या बंडाळीत नष्ट झाला, आज त्याचा मागमूस नाही. म्हणजे भाचा ज्या रेषेत एक डोळा मिटून बघत होता तिचं दुसरं टोकच नाहीसं झालंय. दोन काठांवरून मारा करून मधलं पाणी बंद करायचं, ही त्या जोडीची कल्पना. एकटा रेइश मागूश बघणं म्हणजे कात्रीचं एक पातं बघण्यासारखं आहे. हे सांगितलं नाही तर माणूस ‘व्ह्यू छान आहे’ म्हणून परत जाणारच. त्याचा काय दोष?

आग्वादचं नावच पाण्यावरून पडलं. लांबच्या प्रवासाची जहाजं तिथे गोडं पाणी भरून घेत. वरच्या किल्ल्यात जमिनीखाली खांबांवर तोललेलं टाकं आहे, त्याची क्षमता २३,७६,००० गॅलन सांगितली जाते. लिटरमध्ये एक कोटीच्या आसपास. त्या टाक्याच्या छतावरून लोक चालतात, फोटो काढतात आणि पायाखाली काय आहे याचा अनेकांना पत्ता नसतो. खरं तर आग्वादची ताकद तोफांइतकीच त्या टाक्यात होती. वेढ्यात दारूगोळ्याआधी पाणी संपतं, हे सिंहगड-राजगड चढलेल्या कोणत्याही मराठी माणसाला समजावून सांगावं लागणार नाही. गडावरची टाकी आपण आधी बघतो, बालेकिल्ला मग. तेच डोळे घेऊन आग्वादला जायचं, एवढंच.

पावसाळ्यात मांडवीच्या तोंडावरचा वाळूचा दांडा जहाजांना आत येऊ देत नसे, तेव्हा मुरगावचं बंदर कामी येई. म्हणून तिथेही किल्ला. त्याचा पाया १६२४ चा. नदी, वाळू, वारा आणि पाऊस यांचं गणित मांडून या तटबंद्या बांधल्या गेल्या आहेत. रापणीच्या मासेमारीला जाणाऱ्या कुणाही म्हाताऱ्याला हे गणित आजही तोंडपाठ आहे. पुरातत्त्वाच्या फलकावर ते शोधू नका.

आणि आता ती धास्तीची गोष्ट. किल्ला म्हणजे बांधणाऱ्याच्या भीतीचा हिशेब असतो. ज्याला कुणाचं भय नाही तो चिरे कशाला रचेल? रेइश मागूशला आदिलशाहीच्या काळात चौकी होती, पोर्तुगीजांनी १५५१ मध्ये तिथे कोट बांधला. डच समुद्रावर शिरजोर झाले तसा आग्वाद उठला, १६१२ मध्ये पुरा झाला. तरी डच थांबले नाहीत. १६३० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून काही वर्षं ते दर मोसमात गोव्याचं तोंड अडवून बसत आणि १६३९ मध्ये तर त्यांनी मुरगावच्या बंदरात शिरून तीन मोठी पोर्तुगीज गलबतं नष्ट केली. मग आले आपण. नोव्हेंबर १६८३ मध्ये संभाजी महाराजांच्या फौजेने जुवे बेट घेतलं, जे राजधानीपासून हाकेच्या अंतरावर होतं. व्हाइसरॉयने आपला अधिकारदंड नेऊन संत फ्रान्सिस झेवियरच्या शवपेटीशी ठेवला आणि राज्य त्याच्या हवाली केलं. मोगल फौज कोकणात उतरली म्हणून फिरंगी वाचले. पण धसका असा बसला की राजधानीच उचलून मुरगावला न्यायचा घाट घातला गेला, तिथे इमारती उठू लागल्या. रेइश मागूशची पुन्हा नव्याने बांधणी झाली ती १७०७ मध्ये. आणि १७३९ मध्ये, तिकडे चिमाजी अप्पा वसईला भिडले होते तेव्हा, इकडे मांडवीच्या उत्तरेचं बार्देश मराठ्यांच्या ताब्यात गेलं. टिकले ते दोनच किल्ले, आग्वाद आणि रेइश मागूश.

माझ्या भाच्याने हात काढून घेतला ती तोफ अशी होती. मला वाटतं त्याने तो परत ठेवायला हवा होता. तुमच्या पूर्वजांच्या दराऱ्याची पावती शत्रूने स्वतःच्या सहीने चिऱ्यात लिहून दिली आहे. ती फाडून टाकणाऱ्याला आपल्याकडे शहाणा म्हणत नाहीत. चिरा इथल्याच मातीतला, डोक्यावरून वाहून नेणारे हातही इथल्याच माणसांचे, हे वेगळंच.

खुणा पुसा म्हणणाऱ्यांचा राग मला कळतो. माझ्या आजोबांच्या पिढीने ‘जय हिंद’ म्हटल्याबद्दल मार खाल्लेली माणसं पाहिली होती. त्यांना पोर्तुगीज राजचिन्ह बघून गहिवर येण्याचं कारण नव्हतं. पण त्या रागाचा पुरावासुद्धा याच भिंतींत आहे. राममनोहर लोहिया सप्टेंबर १९४६ मध्ये दुसऱ्यांदा गोव्यात आले तेव्हा त्यांना कुळ्यात पकडून ठेवलं ते आग्वादच्या कोठडीत. गोव्याच्या मुक्तिलढ्यातले त्रिस्तांव ब्रागांझ कुन्हा, त्यांना इथून थेट पोर्तुगालला, पेनिशच्या किल्ल्यात पाठवलं. पुरुषोत्तम काकोडकर, लक्ष्मीकांत भेंब्रे, राम हेगडे यांचीही रवानगी तिथेच. मोहन रानडे तर मूळचे सांगलीकडचे, मराठी शाळामास्तर म्हणून गोव्यात आलेले. १९५५ मध्ये बेतीच्या पोलीस चौकीवरच्या हल्ल्यात जखमी होऊन सापडले. बेती म्हणजे आम्ही त्या दिवशी फेरीतून उतरलो तेच. त्यांनी आग्वादला एकांतवास भोगला, मग लिस्बनजवळच्या काशियशच्या किल्ल्यात, आणि सुटले १९६९ मध्ये. गोवा मुक्त होऊन सात वर्षं उलटली होती! त्यांच्या सुटकेसाठी सुधीर फडके धडपडले, हे महाराष्ट्रातल्या जुन्या माणसांना आठवत असेल. भाच्याला मी हे सांगितलं तेव्हा त्याने फक्त एवढंच विचारलं, “आमच्या सांगलीचे?”

पेनिशचं पुढे काय झालं तेही बघण्यासारखं आहे. तोही समुद्रावरचा किल्ला, तोही तुरुंग. हुकूमशहा सालाझारच्या राजवटीत तिथे स्वतः पोर्तुगीज राजबंदी सडले. कम्युनिस्ट नेता आल्व्हारो कुन्याल १९६० मध्ये तिथूनच निसटला. २०१६ मध्ये पोर्तुगीज सरकारने तो किल्ला खासगी पर्यटन प्रकल्पांच्या यादीत घातला. लोक खवळले. जुने कैदी, त्यांची मुलंनातवंडं रस्त्यावर आली आणि सरकारला नाव मागे घ्यावं लागलं. आज तिथे प्रतिकाराचं आणि स्वातंत्र्याचं राष्ट्रीय संग्रहालय आहे. ज्यांनी आपल्याला कोंडलं त्यांच्या देशात ही जाण आली. आपल्याकडेही आग्वादचा तुरुंग संग्रहालय झाला, डिसेंबर २०२१ मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते त्याचं उद्घाटनही झालं. ही चांगलीच गोष्ट आहे. माझी तक्रार त्यापुढची आहे. संग्रहालय केलं की पुढची जबाबदारी संपली, असं आपण मानतो. मग त्याच आवारात संगीताच्या मैफली, खाद्यमहोत्सव, लग्नाआधीचे फोटो. कोठडीच्या दारासमोर नवरीने घेर पसरून उभं राहावं, यात मला सोवळं-ओवळं आणायचं नाही. पण तिला कुणीतरी सांगायला नको का, की ह्या दाराआड कोण होतं?

गेल्या वर्षी मी अशाच एका किल्ल्यावर गेलो होतो. नाव घेत नाही, कारण थोड्याफार फरकाने सगळीकडे तेच. दारात फलक होता, इंग्रजीत, अर्धा उन्हाने उडालेला. त्यात बांधकामाचं वर्ष, क्षेत्रफळ आणि दंडाची रक्कम. दंडाची रक्कम मात्र स्वच्छ वाचता येत होती. आत एक वाटाड्या पुण्याहून आलेल्या कुटुंबाला हिंदी सिनेमातले तीन मित्र नेमके कुठे बसले होते ते दाखवत होता. त्याला मी विचारलं, तटाच्या कोपऱ्यावरची ती टोपी घातल्यासारखी गोल कोठडी कशासाठी? म्हणाला, “सेल्फी पॉइंट.” थट्टा करत नव्हता. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं की तिथे एक शिपाई पाऊस-वाऱ्यात उभा राहून क्षितिजावर शीड दिसतंय का ते बघत असे.

पैसा कुठून आणायचा, हा प्रश्न लगेच येतो, आणि तो खोटा नाही. रेइश मागूश १९९३ पर्यंत तुरुंग होता, मग कित्येक वर्षं पडीक. त्याचं आजचं रूप सरकार, वारसा जपणारी संस्था इंटॅक आणि ब्रिटनमधला हेलन हॅमलिन ट्रस्ट यांच्या पैशातून आणि वास्तुविशारद जेरार्ड दा कुन्हा यांच्या कामातून आलं. २०१२ मध्ये तो लोकांसाठी उघडला. तिकीट आहे, व्यंगचित्रकार मारियो मिरांडांची चित्रं आहेत आणि जागा स्वच्छ आहे. म्हणजे जमतं. तेरेखोलला दुसरी वाट धरली, तिथे हॉटेल आहे. सावंतवाडीकर भोसल्यांनी बांधलेला आणि १७४६ मध्ये फिरंग्यांनी घेतलेला हा किल्ला. १५ ऑगस्ट १९५४ ला आल्फ्रेड आफोन्सो यांच्या तुकडीने तिथे तिरंगा चढवला. हॉटेलमुळे भिंती शाबूत राहिल्या, हे मी मान्य करतो. छप्पर गळत असलेल्या इतिहासापेक्षा भाड्याने दिलेला इतिहास बरा, इतपत व्यवहार मलाही कळतो. पण करार करताना एक कलम का नको? आठवड्यातून ठरावीक तास, कुणालाही, चहाचा कपसुद्धा न घेता, तटावर जाता यावं आणि तिथे घडलेलं तिथे वाचता यावं.

कायदाही थोडा दगडापुरताच आहे. केंद्रीय संरक्षित स्मारकाभोवती शंभर मीटर बांधकामाला बंदी, पुढचे दोनशे मीटर परवानगीने. देवळाला, चर्चला हे ठीक. पण बंदरावर नजर ठेवणाऱ्या किल्ल्याचं अंग शंभर मीटरात संपत नाही. तोफेचा पल्ला त्याहून लांब होता आणि पहारेकऱ्याची नजर त्याहूनही लांब. किल्ला आणि पाणी यांच्या मधली मोकळी रेषा हासुद्धा स्मारकाचाच भाग आहे. आज मांडवीत पणजीसमोर कॅसिनोची जहाजं नांगरून उभी असतात. फिरंगी असते तर इतक्या आत त्यांना विनापरवाना येऊ दिलं नसतं, असं एक म्हातारे गृहस्थ मला फेरीत म्हणाले. हसण्यावारी नेलं, पण त्यात मुद्दा होता. मिरामारच्या बाजूला एक मजला जास्त चढला, नदीत एक बोट जास्त आली, एखादा खांब उभा राहिला, तर रेइश मागूशचा एक चिराही न हलता त्याचा अर्थ अर्धा होतो. या रेषेला कायद्यात नाव नाही. ते द्यायला हवं.

मुरगावचा किल्ला तर आता बंदराच्या पसाऱ्यातच गडप झालाय. एक चॅपेल आणि तटाचे काही तुकडे. खाली कोळसा, क्रेन, मालगाड्या. १९४३ मध्ये त्याच बंदरात कलकत्त्याहून आलेल्या हौशी इंग्रज शिपायांनी जर्मन जहाज ‘एहरेनफेल्स’वर छापा घातला. १८ डिसेंबर १९६१ ला त्याच तोंडाशी पोर्तुगीजांचं लढाऊ जहाज ‘आफोन्सो द आल्बुकर्क’ आपल्या नौदलाशी झुंजून किनाऱ्याला लागलं. चार शतकांची गोष्ट एका टेकाडावरून बोटाने दाखवता येईल. दाखवणारं बोट नाही.

आणि बेतूल. साळ नदीच्या मुखावरचा, छत्रपती शिवाजी महाराजांच्या आज्ञेने १६७९ मध्ये बांधला असं सांगतात तो. गोव्यात ज्याला निःशंक ‘आपला’ म्हणावं असा. तिथे तटबंदी म्हणण्याजोगं फारसं काही उरलेलं नाही. ती फिरंग्यांनी पुसली नाही, आपण कुणी ठरवूनही पुसली नाही. झुडपं, पाऊस आणि ‘बघू’ यांनी पुसली. खुणा पुसण्याची भाषा नेमकी तिथे उभं राहून व्हावी, याला मी योगायोग म्हणेन. आता तिथे डागडुजी होवो, पुतळा होवो, आनंदच आहे. पण बेतूल उभा करायला आग्वाद आडवा करावा लागत नाही. उलट बेतूल कशासाठी बांधला हे कळायला आग्वाद शाबूत लागतो. एकाने दुसऱ्यावर रोखलेली नजर आहे ती.

भाषेचं म्हणाल तर कोंकणी आधी की मराठी आधी, या भांडणात मला उतरायचं नाही. दोन्ही लिहा. एका पत्र्यावर दोन्ही मावतात. पण लिहिताना भाषांतर करू नका. ‘सदर वास्तू सामरिकदृष्ट्या महत्त्वपूर्ण होती’ असं लिहिलेलं दहा वर्षांचं पोर वाचत नाही, मीही वाचत नाही. ‘इथे उभे राहा. समोर पाहा. पलीकडे असाच एक किल्ला होता. मधून जाणारं जहाज दोघांच्या माऱ्यात येई.’ एवढं लिहा. वेऱ्या-बेतीतल्या चार पोरांना हे शिकवा आणि त्याचे पैसे द्या. सहा जानेवारीला रेइश मागूशच्या फेस्ताला बाळ येशूच्या भेटीला आलेले तीन राजे घोड्यावरून निघतात तेव्हा अख्ख्या गावाला कोण कुठून आलं, कशासाठी आलं, ते तोंडपाठ असतं. तीच पोरं वरच्या बुरुजाबद्दल गप्प असतात. आपण त्यांना तेवढंही सांगितलेलं नाही.

या दिवाळीत बहिणीचा फोन आला, जरा वैतागलेली होती. यंदा चिरंजीवांनी किल्ल्याच्या एका बाजूला तिची कपडे धुवायची परात पुरली, त्यात पाणी भरलं, कागदाची जहाजं सोडली. कोपऱ्यावर मातीची गोल कोठडी, तिला बाटलीचं झाकण टोपीसारखं. किल्ला छानच झाला म्हणाली, पण शेजारचे काका येऊन रागावून गेले.

“का?”

“अरे, सिंहासन रिकामं. महाराज किल्ल्यावर नाहीतच. त्याने त्यांना परातीच्या पलीकडे उभं केलंय, घोड्यावर. आणि सगळ्या तोफा त्यांच्याकडे वळवून ठेवल्यात.”